स्वतंत्र भयपटकार होताना : पटकथेच्या पहिल्या पानापासून वितरणाच्या करारापर्यंत

भयपट लिहायचे आणि ते स्वतःच्या हिमतीवर बनवायचे असे ज्यांनी ठरवले आहे, पण ज्यांची कोणत्याही मोठ्या निर्मितीसंस्थेशी ओळख नाही, अशा लेखक-दिग्दर्शकांसाठी हा लेख आहे. पटकथा, लघुपट, चित्रीकरण, महोत्सव आणि विक्री या सगळ्या टप्प्यांतून मी गेले आहे. या क्षेत्रातली बरीचशी माहिती तोंडी आणि तुकड्यातुकड्यांत मिळते, आणि ती बहुधा गरज निघून गेल्यावर मिळते. म्हणून ती इथे क्रमाने मांडते आहे.

भयपट नवख्या माणसाला जवळ करतो, कारण त्याचा प्रेक्षक कलाकारांची नावे पाहून येत नाही, भीतीसाठी येतो. त्यामुळे अनोळखी चेहरे, एखादे घर आणि मोजकी माणसे एवढ्यावरही चित्रपट उभा राहू शकतो. मात्र त्याला तीन गोष्टी लागतातच : हाताशी असलेल्या साधनांच्या मर्यादेत लिहिलेली पटकथा, स्वच्छ ध्वनी आणि पूर्ण कागदपत्रे. यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, म्हणून या लेखात तिला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

१. आपली भूमिका आधी ठरवा

तुम्हाला फक्त लिहायचे आहे, की लिहून दिग्दर्शनही करायचे आहे? या दोन्ही वाटा सुरुवातीला सारख्या दिसतात, पण लवकरच वेगळ्या होतात. फक्त लेखक म्हणून उभे राहायचे असेल, तर हातात किमान दोन-तीन पूर्ण पटकथा हव्यात. पहिली पटकथा वाचून आवडलेला निर्माता हमखास "आणखी काय आहे?" असे विचारतो, आणि तेव्हा हात रिकामे असले तर ओळख तिथेच थांबते. दिग्दर्शन करायचे असेल, तर पटकथेच्या जोडीला चित्रित केलेले काहीतरी दाखवावे लागते, मग ते पाच मिनिटांचे असले तरी चालते.

लिहून दिग्दर्शनही करणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. पटकथा विकल्यावर तिचे दिग्दर्शन तुमच्याकडेच राहील, असे कोणीही आपणहून म्हणणार नाही. ती अट करारात लिहून घ्यावी लागते, आणि ती मान्य नसेल तर पटकथा द्यायची की नाही, हे बैठकीला जाण्याआधी ठरवावे लागते.

२. हाताशी काय आहे याची यादी करा, मग कथा निवडा

नवखे लेखक आधी कथा लिहितात आणि मग तिच्यासाठी जागा, वाहने, गर्दी आणि प्राणी शोधत फिरतात. स्वतंत्र निर्मितीत हा क्रम उलटा ठेवावा. कोणती जागा अनेक दिवस विनाअडथळा मिळू शकते, कोणते कलाकार सलग वेळ देऊ शकतात, तिथे वीज आणि वाहने उभी करायची सोय कशी आहे, रात्री बाहेरचा आवाज किती येतो, या सगळ्याची लेखी यादी करा आणि त्या यादीतून कथा काढा.

ओरेन पेली यांनी २००६ मध्ये 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' हा चित्रपट स्वतःच्याच घरात, आठवडाभरात आणि सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला, हे सर्वश्रुत आहे. त्याच गोष्टीचा दुसरा भाग मात्र कमी सांगितला जातो. तो चित्रपट २००७ मध्ये स्क्रीमफेस्ट या महोत्सवात दाखवला गेला आणि सर्वत्र प्रदर्शित व्हायला २००९ साल उजाडले. म्हणजे चित्रीकरणाला आठवडा लागला आणि प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला वर्षे लागली. तुमचे वेळापत्रक आखताना आठवड्याचा आकडा विसरा आणि वर्षांचा लक्षात ठेवा.

३. पटकथा : भीती पानावर उतरवणे

रूढ पटकथा-आराखड्यात एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरला जातो. भयपटासाठी ८० ते ९५ पाने पुरेशी असतात. शंभराच्या पुढे गेलेला पहिला खर्डा बहुतेक वेळा छाटता येतो, आणि छाटल्यावर सुधारतो. आराखड्यासाठी पटकथालेखनाचे कोणतेही प्रचलित सॉफ्टवेअर चालते, त्यावर जास्त विचार करू नका.

विचार करायचा तो दृश्य लिहिण्याच्या पद्धतीवर. पटकथेत जे दिसते आणि जे ऐकू येते तेवढेच लिहायचे असते. भयपटात हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, कारण लेखकाला वातावरणाचे वर्णन करण्याचा मोह होतो. उदाहरणार्थ, असे दृश्य घ्या :

"मीरा पाण्यासाठी उठते. घरात भीतिदायक शांतता आहे. काहीतरी अशुभ घडणार असे तिला वाटते आणि ती प्रचंड घाबरते."

यात दिग्दर्शकाला चित्रित करण्यासारखे फक्त मीराचे उठणे आहे. आता हेच दृश्य असे लिहून पाहा :

"शेजारच्या खोलीतून आईच्या घोरण्याचा आवाज. मीरा उठते, अंधारातच स्वयंपाकघरात जाते, दिवा लावते. खिडकीपाशी आई उभी आहे. आई ओठांवर बोट ठेवते. घोरण्याचा आवाज चालूच आहे."

या दुसऱ्या खर्ड्यात भीती हा शब्द कुठेही नाही. दोन कलाकार, दोन खोल्या आणि एक आवाज एवढाच खर्च आहे. वाचणाऱ्याच्या मनात मात्र दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात : त्या खोलीत कोण आहे, आणि समोर उभी असलेली बाई खरोखर आई आहे का? दृश्य लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यापाशी थांबून "हे कॅमेऱ्याला दिसेल का, माइकला ऐकू येईल का?" असे विचारत जा, आणि उत्तर नाही असेल तर ते वाक्य काढून टाका.

त्यानंतर धोक्याचे नियम लिहून काढा. ही शक्ती, हा प्राणी किंवा हा माणूस काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि त्याला हवे काय आहे, हे पटकथेत कुठे सांगितले नसले तरी लेखकाच्या वहीत असलेच पाहिजे. नियम नसलेला धोका पहिल्या अर्ध्या तासानंतर कंटाळवाणा होतो, कारण काहीही घडू शकते हे कळले की प्रेक्षक अंदाज बांधायचे सोडून देतो, आणि अंदाज बांधणे थांबले की भीतीही थांबते. पात्रे ती जागा सोडून का जात नाहीत, मदत का मागवत नाहीत, फोन का करत नाहीत, याचे उत्तरही कथेतूनच यायला हवे. "फोनला रेंज नाही" हे उत्तर प्रेक्षकांनी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही. पात्राचे तिथे थांबण्यामागे स्वतःचे कारण असावे, जसे की कर्ज, आजारी माणूस, अपराधाची भावना किंवा लपवलेली गोष्ट. खरे तर माझ्या मते चांगल्या भयपटाची मूळ कथा याच कारणात असते.

दचकवण्याच्या जागा मोजून ठेवा. एकाच पद्धतीने दोनदा दचकवले, की तिसऱ्या वेळी प्रेक्षक आधीच सावध होऊन बसतो. पटकथा पूर्ण झाल्यावर कलाकारांना किंवा मित्रांना गोळा करून ती मोठ्याने वाचून घ्या. "आवडली का?" असे विचारू नका, "कोणत्या पानावर लक्ष उडाले?" असे विचारा.

४. हक्क : लेखन सुरू असतानाच हाताळायची गोष्ट

बर्न करारात, म्हणजे लेखन-कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, सामील असलेल्या देशांमध्ये लेखन कागदावर किंवा संगणकात उतरताच त्यावर स्वामित्व हक्क (कॉपीराइट) निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. तरीही वाद झाला तर पुरावा लागतो, म्हणून पटकथा कोणालाही पाठवण्याआधी आपल्या देशातील स्वामित्व हक्क कार्यालयात किंवा लेखक संघटनेकडे तिची नोंद करावी. पटकथा पाकिटात घालून स्वतःलाच टपालाने पाठवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, पण त्यावर विसंबू नका. पाकीट उघडेच पाठवून नंतर बंद करता येत असल्यामुळे पुरावा म्हणून त्याला फारसे वजन नसते.

कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हेही लक्षात ठेवा. "झपाटलेले घर" ही कोणाचीच मालमत्ता नाही. लोककथा आणि दंतकथा सगळ्यांना खुल्या असतात, पण एखाद्या संग्राहकाने स्वतःच्या शब्दांत केलेले त्यांचे पुनर्लेखन संरक्षित असू शकते. खऱ्या घटनेवर लिहीत असाल तर हयात व्यक्तींची नावे, ओळखू येणारे तपशील आणि खरे पत्ते बदला, आणि ते बदलता येत नसतील तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागदांची किंमत कळण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८ चा चित्रपट स्वतंत्र भयपटांच्या इतिहासातला मैलाचा दगड मानला जातो. प्रदर्शनाआधी वितरकाने त्याचे नाव बदलले, आणि नव्या शीर्षकाच्या चौकटीत स्वामित्व हक्काची ओळ घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार ही ओळ असणे आवश्यक होते. परिणामी चित्रपट सार्वजनिक मालकीत गेला, आणि त्याच्या प्रती ज्याला हव्या त्याला विकता आल्या. आज ही विशिष्ट अट राहिलेली नाही. पण एका राहून गेलेल्या ओळीमुळे काय होऊ शकते, हे त्यातून दिसते.

पटकथा कोणी घेऊ इच्छित असेल, तर बहुधा आधी ऑप्शन करार होतो, म्हणजे ठरावीक मुदतीत ती विकत घेण्याचा राखीव हक्क दिला जातो. सही करण्याआधी पुढील गोष्टी तपासा : मुदत किती आहे आणि ती वाढवताना पुन्हा पैसे मिळतात का, मुदत संपल्यावर हक्क आपोआप तुमच्याकडे परत येतात का, पुनर्लेखन कोण करणार आणि त्याचे मानधन वेगळे आहे का, श्रेयनामावलीत तुमचे नाव कोणत्या शब्दांत येणार. भयपटाच्या बाबतीत आणखी एक कलम फार महत्त्वाचे असते, ते म्हणजे पुढील भाग, पुनर्निर्मिती आणि पात्रांवरचे हक्क. या प्रकारात एक चित्रपट चालला की त्याची मालिका होते, आणि मूळ लेखकाने ते कलम न वाचता सही केलेली असेल तर त्या मालिकेशी त्याचा काहीही संबंध उरत नाही.

सहलेखक असेल तर पहिले पान लिहिण्याआधी हक्क, श्रेय आणि पैशाची वाटणी लेखी ठरवा. मैत्री कितीही घट्ट असो, हा कागद मैत्रीच्या हिताचाच असतो.

५. लघुपट : आपल्या क्षमतेचा पुरावा

लघुपट दोन प्रकारे उपयोगी पडतो. एक म्हणजे स्वतंत्र कथा म्हणून, आणि दुसरे म्हणजे मोठ्या पटकथेचा नमुना म्हणून. जेम्स वॅन आणि ली व्हॅनेल यांनी 'सॉ' च्या पटकथेतील एक प्रसंग २००३ मध्ये लघुपट म्हणून चित्रित केला, तो पटकथेसोबत निर्मात्यांना दाखवला, आणि पूर्ण लांबीचा चित्रपट २००४ मध्ये आला. नमुना म्हणून प्रसंग निवडताना सर्वांत महागडा प्रसंग निवडू नका. ज्या प्रसंगात चित्रपटाचा सूर आणि धोक्याचा स्वभाव एकत्र दिसतो तो निवडा. वर दिलेला घोरण्याचा प्रसंग अशा नमुन्याला चालेल.

लघुपट दहा मिनिटांच्या आत ठेवा. महोत्सवांचे कार्यक्रम आखणाऱ्यांना छोट्या चित्रपटांना जागा करून देणे सोपे जाते, आणि निर्मातेही छोटा चित्रपट शेवटपर्यंत पाहतात. तो इंटरनेटवर खुला करण्याआधी ज्या महोत्सवांना पाठवायचा आहे त्यांचे प्रीमियरविषयक नियम वाचा, कारण काही ठिकाणी आधीच खुला केलेला चित्रपट स्पर्धेत घेत नाहीत.

६. पैसा आणि अंदाजपत्रक

अंदाजपत्रक पटकथेवरून करायचे असते. प्रत्येक दृश्यात किती पात्रे आहेत, कोणती जागा, दिवस की रात्र, कोणते साहित्य, रंगभूषा, वाहने आणि विशेष परिणाम लागणार आहेत, हे तक्त्यात भरा, म्हणजे पैसा कुठे जातो ते लगेच दिसते. एकूण रकमेच्या दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवण्याची पद्धत आहे, ती मोडू नका.

नेहमी होणारी चूक म्हणजे सगळा पैसा चित्रीकरणात संपवणे. संकलन, ध्वनी, रंगसंस्करण (म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड जुळवणे), संगीत, उपशीर्षके (सबटायटल), डीसीपी म्हणजे चित्रपटगृहासाठी लागणारी डिजिटल प्रत, महोत्सवांचे प्रवेशशुल्क आणि वकिलाचे मानधन हे सगळे चित्रीकरणानंतरचे खर्च आहेत, आणि ते टळत नाहीत. नातेवाईक किंवा मित्र पैसे देणार असतील तर ती देणगी आहे, कर्ज आहे की गुंतवणूक आहे, हे लेखी स्पष्ट करा. पैसे बुडू शकतात हे वाक्य त्या कागदावर असू द्या.

७. चित्रीकरणाआधी तयार हवीत अशी कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रांच्या फाइलमध्ये हे असावे :

- पटकथेचे हक्क तुमच्याकडे किंवा तुमच्या निर्मितीसंस्थेकडे आहेत हे सांगणारा करार, अगदी लेखक तुम्ही स्वतः असलात तरीही
- प्रत्येक कलाकाराची आणि तंत्रज्ञाची सही असलेला करार, ज्यात त्यांच्या कामाचे हक्क निर्मितीकडे येतात असे कलम आहे
- जागेच्या मालकाची लेखी परवानगी आणि सार्वजनिक जागेसाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी
- बाल कलाकार असतील तर पालकांची संमती आणि कायद्याने आवश्यक असलेली परवानगी
- संगीताचे दोन्ही हक्क, म्हणजे रचनेचा आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा
- पडद्यावर दिसणारी चित्रे, पोस्टर, छायाचित्रे आणि बोधचिन्हे यांच्या परवानग्या
- अपघात विमा

संगीताच्या कलमावर थोडे थांबायला हवे. जुने अंगाईगीत भयपटात फार परिणामकारक ठरते, आणि ती रचना जुनी म्हणून मोफत आहे असे गृहीत धरले जाते. रचना सार्वजनिक मालकीत असू शकते, पण तुम्ही वापरलेले तिचे ध्वनिमुद्रण कोणाच्या तरी मालकीचे असते. ते गीत तुमच्या कलाकाराकडून गाऊन घेतले आणि स्वतः मुद्रित केले, तर हा प्रश्न मिटतो. तसेच "फक्त महोत्सवांसाठी" घेतलेला संगीताचा हक्क विक्रीच्या वेळी उपयोगाचा नसतो.

साधनांबद्दल थोडक्यात सांगते. कॅमेरा अंधारात चित्रात कमी गोंगाट (म्हणजे दाणेदारपणा) दाखवणारा असावा, एवढे पुरे. बूम माइक (लांब काठीवरचा), बिनतारी लेपल माइक (कपड्याला लावायचा) आणि स्वतंत्र ध्वनिमुद्रक यांवर मात्र काटकसर करू नका. खिडक्या झाकायला जाड काळे कापड, जादा बॅटऱ्या आणि चित्रित साहित्याच्या तीन प्रती ठेवता येतील इतक्या हार्ड डिस्क घ्या. यातली एक प्रत चित्रीकरणाच्या जागेपासून दूर ठेवा.

८. चित्रीकरण

भयपटातील रात्र शक्य तितकी दिवसा चित्रित करा. घरातली दृश्ये असतील तर खिडक्या काळ्या कापडाने झाकून दुपारीही मध्यरात्र उभी करता येते, आणि त्यामुळे माणसे थकत नाहीत. सलग रात्रपाळ्यांमध्ये तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर अभिनय ढिला पडतो आणि अपघात वाढतात. दोन पाळ्यांमध्ये किमान दहा-बारा तासांची विश्रांती द्या.

अंधार दाखवायचा म्हणून कमी प्रकाशात चित्रीकरण करणे ही नवख्यांची नेहमीची फसगत आहे. असे केल्याने चित्रात गोंगाट येतो, आणि ऑनलाइन प्रदर्शनासाठी चित्रपटाची फाइल लहान (कॉम्प्रेस) केली की काळ्या भागात चौकटी आणि पट्टे दिसू लागतात. चेहऱ्याला आणि महत्त्वाच्या वस्तूला पुरेसा प्रकाश द्या, काळेपणा रंगसंस्करणात आणा. प्रेक्षकाला काय दिसू नये हे तुम्ही ठरवलेले असले पाहिजे, ते कॅमेऱ्याच्या मर्यादेवर सोडू नका.

कृत्रिम रक्त, जखमा आणि मुखवटे यांना अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतो. रक्ताच्या दृश्यासाठी एकाच पोशाखाचे किमान तीन संच ठेवा, रक्त आधी कापडावर, भिंतीवर आणि कलाकाराच्या त्वचेच्या छोट्या भागावर लावून पाहा, आणि जागेच्या मालकाला त्याची कल्पना द्या. दाराची मूठ, पायऱ्यांवरचे पाय, हलणारा पडदा असे तुटक शॉट मुख्य दिवसांत घेऊ नका. त्यांच्यासाठी शेवटी तीन-चार माणसांसह वेगळा दिवस ठेवा, म्हणजे वेळेच्या टंचाईत हे शॉट गळत नाहीत. भयपट संकलनात याच शॉटवर उभा राहतो.

सुरक्षिततेबाबत तडजोड करू नका. खरी बंदूक, मग ती रिकामी असो वा बार भरलेली, सेटवर आणू नका. नकली बंदूक वापरा आणि गोळीचा प्रकाश व आवाज नंतर जोडा. २०२१ मध्ये एका चित्रपटाच्या सेटवर बंदुकीतून खरी गोळी सुटून सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला, आणि तिथे आर्थिक बळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होते. बाहेर शस्त्रासारखी दिसणारी वस्तू किंवा आरडाओरडा असलेले दृश्य घेणार असाल, तर पोलिसांना आणि शेजाऱ्यांना आधी कळवा. हिंसेच्या किंवा शारीरिक जवळिकीच्या दृश्यांची पायरी न पायरी कलाकारांसोबत आधी बसवून घ्या. "खरी प्रतिक्रिया यावी" म्हणून कलाकाराला न सांगता घाबरवणे मला अजिबात मान्य नाही. असा एखादा शॉट मिळतो, पण त्या माणसाचा विश्वास उरलेल्या सगळ्या दिवसांसाठी जातो.

९. ध्वनी आणि संकलन

प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, अस्पष्ट संवाद सहन करत नाही. आणि भयपटात तर अर्धी कथाच ध्वनीत असते. प्रत्येक जागेवर, प्रत्येक प्रकाशयोजनेत, सगळ्यांना गप्प उभे करून किमान एक मिनिट त्या खोलीची शांतता मुद्रित करा. तिला रूम टोन म्हणतात. संकलनात दोन संवादांमधली फट भरायला ती लागते. ती नसेल तर प्रत्येक कटवर शांतता बदलल्यासारखी वाटते आणि प्रेक्षकाचा कान अस्वस्थ होतो, पण नको त्या कारणाने.

घोरण्याच्या त्याच प्रसंगाकडे ध्वनीच्या बाजूने पाहा. घोरणे सुरुवातीला इतके ठळक हवे की प्रेक्षकाच्या कानाने ते टिपलेच पाहिजे, पण इतके ठळक नको की पुढे त्याचे काहीतरी होणार हे त्याला कळेल. मीरा चालत जाताना ते मागे पडले पाहिजे, म्हणजे ते त्या खोलीतच आहे हे कानाला पटते. आई दिसल्यावर मात्र आवाज वाढवू नये. तो आहे तितकाच राहिला, की आता तो प्रेक्षक स्वतः शोधून ऐकतो. त्या क्षणी संगीत लावले तर हा शोध बंद होतो. असे निर्णय संकलनाच्या टेबलावर सुचतात, पण त्यासाठी ते घोरणे स्वतंत्रपणे, स्वच्छ मुद्रित केलेले असावे लागते.

संकलन पूर्ण होत आले की पटकथा न वाचलेल्या काही लोकांना चित्रपट दाखवा आणि पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहा. कोण खुर्चीत मागे सरकते, कोण फोनकडे बघते, कोण चुकीच्या जागी हसते, हे प्रश्नावलीतल्या उत्तरांपेक्षा खरे असते.

अंतिम मिश्रण करताना संवाद, संगीत आणि ध्वनिपरिणाम हे तीन भाग वेगवेगळे जतन करा. परदेशी वितरक डबिंगसाठी संवादाविना असलेला ध्वनिपट मागतात, आणि तो नंतर तयार करणे खर्चिक ठरते.

१०. महोत्सव

भयपट आणि अद्भुतरम्य चित्रपटांसाठी खास महोत्सव आहेत, आणि नवख्याने सर्वसाधारण महोत्सवांइतकेच लक्ष त्यांच्याकडे द्यावे. स्पेनमधील सिटजेस १९६८ पासून, मॉन्ट्रियलचा फँटासिया १९९६ पासून, दक्षिण कोरियातील बुचॉन १९९७ पासून आणि ऑस्टिनचा फँटॅस्टिक फेस्ट २००५ पासून भरतो. फँटासियाशी जोडलेला फ्रंटिएर आणि बुचॉनमधील नॅफ हे प्रकल्पबाजार आहेत, म्हणजे तिथे अजून न बनलेल्या चित्रपटांसाठी निर्माते आणि सहनिर्माते भेटतात. पूर्ण पटकथा, दोन पानी सारांश, दिग्दर्शकाचे निवेदन आणि अंदाजपत्रक तयार असेल तर तिथे अर्ज करता येतो.

अर्ज पाठवताना आधी एक-दोन मोठ्या महोत्सवांची उत्तरे येऊ द्या आणि मगच प्रीमियर कुठे करायचा ते ठरवा. पहिले प्रदर्शन एकदाच होते. फक्त इंटरनेटवर अस्तित्व असलेले, प्रत्यक्ष प्रदर्शन न करणारे आणि शुल्क भरलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पुरस्कार देणारे महोत्सवही बरेच आहेत. मागच्या वर्षी चित्रपट कोणत्या चित्रपटगृहात दाखवले आणि परीक्षक कोण होते, हे शोधून सापडत नसेल तर पैसे पाठवू नका. डीसीपी तयार झाल्यावर ती एकदा खऱ्या चित्रपटगृहात चालवून पाहा, कारण अंधारी दृश्ये मॉनिटरवर आणि पडद्यावर फार वेगळी दिसतात.

११. विक्री आणि वितरण

महोत्सवानंतर तीन प्रकारचे लोक संपर्क करतात : विक्री प्रतिनिधी, जो देशोदेशी हक्क विकून दलाली घेतो, वितरक, जो स्वतः चित्रपट प्रदर्शित करतो, आणि मध्यस्थ संस्था, जी शुल्क घेऊन चित्रपट ऑनलाइन मंचांवर पोहोचवते. तिघांचे करार वेगळे असतात, पण तपासायचे मुद्दे तेच असतात. हक्क किती वर्षांसाठी जातात, कोणत्या प्रदेशांसाठी आणि कोणत्या माध्यमांसाठी जातात हे पाहा. आगाऊ रक्कम किती आहे ते पाहा. प्रसिद्धीचा खर्च तुमच्या वाट्यातून वजा होणार असेल तर त्याला कमाल मर्यादा लिहून घ्या, नाहीतर चित्रपट कमाई करत राहतो आणि तुमच्या हिशेबात मात्र कायम खर्चच दिसतो. हिशेब किती महिन्यांनी मिळणार, तो तपासण्याचा हक्क तुम्हाला आहे का, आणि संस्था दिवाळखोरीत गेली तर हक्क परत येतात का, ही तीन कलमे नसतील तर ती घालायला लावा. त्या संस्थेसोबत आधी काम केलेल्या दोन-तीन चित्रपटकारांना स्वतः फोन करून विचारा. या क्षेत्रातले लोक अशा प्रश्नांना मोकळेपणाने उत्तर देतात.

करार झाल्यावर वितरक साहित्याची लांबलचक यादी पाठवतो. त्यात ट्रेलर, पोस्टर, चित्रीकरणाच्या वेळची छायाचित्रे, उपशीर्षके, संवादयादी, संगीतयादी आणि सातव्या मुद्द्यातली सगळी कागदपत्रे असतात. छायाचित्रांसाठी सेटवर वेगळा छायाचित्रकार ठेवा. चित्रपटातून काढलेली चौकट पोस्टरला पुरेशी स्पष्ट नसते.

१२. उपजीविका आणि पुढची पटकथा

पहिल्या स्वतंत्र भयपटावर पोट भरत नाही, हे गृहीत धरून घर चालवायची सोय करा. संकलन, ध्वनी, सहायक दिग्दर्शन, दुसऱ्यांच्या पटकथांचे वाचन आणि पुनर्लेखन ही कामे मिळतात, आणि त्यातून हात तयार होतो. दुसऱ्यांच्या सेटवर केलेले काम तुमच्या पुढच्या चित्रपटाला माणसेही मिळवून देते.

पहिला चित्रपट महोत्सवांत फिरू लागेल तेव्हा दुसऱ्या पटकथेचा वाचण्याजोगा खर्डा तयार ठेवा, कारण लोक भेटतात ते याच काळात. आणि प्रत्येक कराराची मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेत नोंदवून ठेवा. अनेक करारांमध्ये ठरावीक दिवस आधी लेखी कळवले नाही तर मुदत आपोआप वाढते, म्हणून ते पत्र पाठवण्याची तारीखही त्याच्या शेजारी लिहा.